लेकरू सारखं शी-शू-पाद करून हसतं : आयाबाया नेहमी विचारतात ते प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी १९ वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. तीन ते सहा वर्षांची लेकरं रोज सकाळी माझ्यापुढे बसतात. त्यांना न्यायला आलेल्या आया दारात थांबून, इकडेतिकडे पाहत, हळूच एक गाऱ्हाणं सांगतात : “ताई, हा घरी लय घाण बोलते हो.” कोणाला लाज वाटते, कोणाला धास्ती. कोणी तर लेकराला आधीच चोपून आलेली असते. असे कानावर पडलेले प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत. उत्तरं बरीचशी माझ्या अनुभवाची आहेत. तब्येतीचा विषय जिथे आला तिथे प्रशिक्षणात आणि आरोग्य केंद्रात आम्हाला जे शिकवलं तेच सांगितलं आहे.

माझा चार वर्षांचा पोट्टा कशालाही ‘शी’, ‘पाद’ म्हणते आणि लोळून लोळून हसते. त्याचं काही बिघडलं का?

काहीच बिघडलेलं नाही. उलट त्याची अक्कल वयाप्रमाणे वाढते आहे.

जरा त्याच्या बाजूनं विचार करा. तो जन्मला तेव्हापासून घरात रोज एक चौकशी चालली : “शी केली का? कशी केली?” पहिल्यांदा सांगून बसला तेव्हा आजीनं टाळ्या वाजवल्या, शेजारच्या काकूंना ओरडून सांगितलं. दोन-अडीच वर्षांचा होईस्तोवर त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई हीच होती. आणि एक दिवस अचानक त्याच माणसांनी डोळे वटारले : “असं बोलू नये!” ज्याचं कौतुक झालं तेच आता बोलायचं नाही, हे त्याला कोडंच पडतं. मग तो ते पुन्हा पुन्हा बोलून पाहतो.

दुसरं म्हणजे या वयात लेकराच्या हाती जोर नसतो. दार उघडत नाही, विहिरीवर जाऊ देत नाहीत, मोबाईल हातातून काढून घेतात. पण तो एकच शब्द बोलला की अख्खं घर थांबतं. आई वळते, आजोबा हसतात, काका ओरडतात. एवढं चालणारं खेळणं कोण सोडेल?

माझ्याच अंगणवाडीतली गोष्ट सांगते. परातीत रेती पसरून मी ‘प’ शिकवत होते. म्हटलं, प पतंगाचा. मागून आवाज आला, “प पादाचा!” सतरा लेकरं एकमेकांच्या अंगावर पडून हसायला लागली. मी रागावले. दुसऱ्या दिवशी बोलणारे तिघं झाले. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, “हो, प पादाचाही आहे. या, रेतीत काढून दाखवा.” आवाज न बदलता, तोंड न वाकडं करता. पाच-सहा जणांनी येऊन बोटानं ‘प’ काढला. चौथ्या दिवशी तो शब्द कोणी काढला नाही. ‘प’ मात्र सगळ्यांना आला होता.

हे कधी सुरू होते आणि थांबते कधी?

बहुतेक लेकरांत तीन-साडेतीनच्या पुढे, म्हणजे चड्डीत करणं सुटून संडासला बसायला शिकल्यावर आणि बोलणं मोकळं झाल्यावर. चौथ्या-पाचव्या वर्षी याला भर असतो. पहिली-दुसरीत गेल्यावर तेच लेकरू कोडी आणि चुटके सांगायला लागतं, घरातलं शी-पाद कमी होतं. मित्रांमध्ये पुढेही चालतं. मोठी माणसंही शेकोटीपाशी बसली की हेच बोलून हसतात, हे आपल्याला माहीत आहेच.

मग करायचं काय नेमकं? दुर्लक्ष करा असं सगळे म्हणतात, पण किती?

दुर्लक्ष म्हणजे बहिरं होणं नव्हे. लेकराला कळतं की तुम्ही ऐकलं. फक्त त्यातून त्याला तमाशा मिळायला नको. भाकर थापत असाल तर थापत राहा. “हं, ऐकलं मी” एवढं साध्या आवाजात म्हणा आणि पुढचं काम सांगा, “कोंबड्यांना दाणे टाकून ये.” आपल्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही की त्या शब्दातली अर्धी मजा तिथेच संपते. पहिले चार-पाच दिवस तो जास्त बोलेल, जास्त जोरात बोलेल. “आधी तर बरं होतं” म्हणून बऱ्याच जणी इथेच हिंमत सोडतात. तेवढे दिवस धरून ठेवा.

याच्या जोडीला या शब्दांना जागा ठरवून द्या. आमच्याकडे ज्या घरी हा उपाय लागू पडला तिथे असा नियम होता : शी-शूच्या गोष्टी न्हाणीपाशी नाहीतर सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात. तिथे जाऊन दहा वेळा म्हण, ओरडून म्हण, कोणी काही म्हणणार नाही. चुलीपाशी, देवापाशी, जेवताना नाही. एका आईनं सांगितलं की तिचा मुलगा पहिल्या दिवशी खरंच सांदवाडीत गेला, पेरूच्या झाडाखाली उभा राहून “पाद पाद पाद” असं बोलला आणि मिनिटभरात परत आला. “तिथं कोणी हसतच नाही,” म्हणाला.

बंदी घालण्यापेक्षा जागा देणं लेकराला समजतं, कारण कपडे काढायची, चपला सोडायची, थुंकायची जागा त्याला आधीच माहीत असते. हा नियमही त्याच माळेतला.

पण त्याचं हसणंच बंद केलं तर वाईट वाटते. दुसरं काही देता येते का?

येतं, आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो. लेकराला खरी गंमत शीची नसते. शब्द वाकवता येतात, नको तिथे टाकता येतात, याची असते. मग आणखी शब्द द्या. “कच्चा पापड, पक्का पापड” भरभर म्हणायला लावा. “चटईला टाचणी टोचली” दहा वेळा म्हणायला लावा. उलटी नावं ठेवा : गाईला म्हणा म्याऊ, मांजरीला म्हणा हंबा. चार वर्षांचं पोर यावरही तितकंच हसतं.

आपल्या वऱ्हाडात तर याची खाणच आहे. पोळ्याच्या दिवशी बैलांपुढे झडत्या, म्हणजे जुळवलेल्या ओळी, म्हणतात, त्यात टोमणा असतो, यमक असतं, गावातल्या बड्या माणसाची फिरकी असते, आणि कोणी रागावत नाही कारण तो त्या दिवसाचा मान आहे. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन आलेल्या लेकरांना आम्ही स्वतःची झडती जुळवायला लावतो. मागे एका पाच वर्षांच्या मुलानं, ज्याच्या तोंडी दिवसभर शेण-शी असायची, ही आणली :

वाटी रे वाटी, शेणाची पाटी,
माहा बैल पळते ताईच्या पाठी,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

शेण त्यात आलंच. पण ‘पाटी’ला ‘पाठी’ जुळवायला तो तीन दिवस आजोबांच्या मागे लागला होता. भुलाबाईच्या दिवसांत खिरापत ओळखायचा खेळ असतो, तोही असाच. डब्यात काय आहे ते न पाहता ओळखायचं, चुकीची नावं घेत हसायचं. मुलांनाही त्यात बसवा, फक्त मुलींचा म्हणून ठेवू नका.

मी गंभीर राहते, पण मामाजी हसतात आणि पोट्टा पुन्हा सुरू करते. सासऱ्यांना कसं सांगू?

लेकरासमोर सांगू नका. त्यांचा मान राहायला पाहिजे, आणि लेकराला घरात दोन बाजू आहेत हेही दिसायला नको. दुपारी चहा देताना म्हणा, “मामाजी, तुम्ही हसलात की तो दिवसभर तेच धरून बसते. तुम्हाला हसू आलं तर जरा तिकडं तोंड करा ना.” बहुतेक आजोबा ऐकतात. नाहीच ऐकलं तर त्यांना दुसरं काम द्या : नातवाला रोज एक कोडं घालायचं. आजोबांनाही नातू हसलेला हवा असतो, त्यासाठीच तर ते हसतात.

तुम्हाला स्वतःला हसू आलं तर? येऊ द्या. तोंडाला पदर लावा, चुलीकडे वळा. एकदा हसल्यानं लेकरू बिघडत नाही.

सप्ताहाच्या पंगतीत वांग्याची भाजी पाहून पोरगी मोठ्यानं म्हणाली, “माय, पातळ शी!” मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. अशा वेळी काय करायचं?

ही आई माझ्या शेजारीच बसली होती. तिनं मुलीच्या पाठीत धपाटा घातला, मुलगी रडली, आणि ज्या दहा जणांनी ऐकलं नव्हतं त्यांनीही विचारलं की काय झालं.

पंगतीत एकच करा. लेकराच्या कानाशी वाकून हळू सांगा, “ही वांग्याची भाजी आहे. जेवताना आपण ते बोलत नाही. तुला नको असेल तर बुंदी घे.” एवढंच. वाढपी भाऊ ऐकून हसला तर हसू दे. समोरच्या बाईला “हो ना, लहान आहे” म्हटलं तरी पुरे. घरी आल्यावर, राग उतरल्यावर, सांगा की कोणी कष्टानं रांधलेल्या अन्नाला असं म्हटलं की त्याचं मन दुखतं. आणि पुढच्या पंगतीला निघण्याआधी, वाटेतच, आठवण करून द्या. लेकराला नियम आधी सांगितला तर तो पाळण्याची संधी मिळते. चुकल्यावर सांगितला तर फक्त मार मिळतो.

आत्याबाई म्हणतात, तोंडात मिरची भरा, पुन्हा बोलणार नाही.

नाही. कधीच नाही. तिखट डोळ्यात जाऊ शकतं, श्वासनळीत जाऊन लेकरू गुदमरू शकतं. चटक्याची भीतीही दाखवू नका. शाळेत मुलाला मारणं-छळणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंद आहे. जे गुरुजींना चालत नाही ते आपल्याला घरी कसं चालेल?

मग शब्द कोणते वापरू द्यायचे? ‘हागणे’ म्हटलं तर घाण वाटते.

घरात शी, शू, संडास, लघवी यातले जे चालत असतील ते वापरा. पण एक शब्द पक्का ठेवा, जो लेकरू अंगणवाडीत, शाळेत, दवाखान्यात न लाजता म्हणू शकेल. लघवीच्या आणि शीच्या जागेलाही नाव असू द्या. ‘तिकडं’, ‘खाली’ असं म्हणत राहिलं तर डॉक्टरसमोर लेकराला नेमकं काय दुखतं ते सांगता येत नाही.

‘हागणे’ हा आपल्याकडचा साधा, जुना शब्द आहे. आमच्या गावाच्या वेशीवर मोठा सरकारी बोर्ड लागला होता, ‘हागणदारीमुक्त गाव’. अंगणवाडीतून नुकतीच पहिलीत गेलेली एक मुलगी अक्षरं जुळवत तो वाचायला लागली. ह ला काना हा, ग, ण… आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग कुजबुजत म्हणाली, “ताई, हे बोर्डावर लिवलं?” मी म्हटलं, “हो, लिहिलंय. आपल्या गावात आता कोणी उघड्यावर बसत नाही असं त्यात सांगितलंय. पूर्ण वाच.” तिनं पूर्ण वाचलं. तोपर्यंत तिला वाटत होतं की हा शब्द फक्त हसायला किंवा मार खायला आहे. तो कामाचाही आहे हे तिला त्या बोर्डानं शिकवलं.

आपल्या म्हणी पाहा. ‘पादऱ्याला पावट्याचं निमित्त’ म्हणताना आपण थोडेच लाजतो? आणि हा विषयच घाण आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मी आपल्याच मातीतल्या माणसांची आठवण देते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा खराटा घेऊन गावोगाव फिरले. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनात वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारायचे. लोक हसायचे आणि हसता हसता घाण कुठे आहे ते पाहायचे. पवनारजवळच्या सुरगावात विनोबा खांद्यावर फावडं घेऊन मैला साफ करायला रोज जात. या माणसांनी या विषयाकडे पाठ फिरवली नाही.

तो खरंच प्रश्न विचारते : शी कुठं जाते, बकरीची गोल का, आजी शेणात हात का घालते. हे प्रश्न टाळायचे का?

मुळीच नाही. उत्तर दिलं की विनोदाच्या जागी ज्ञान येतं, आणि लेकरू त्यात रमतं.

गावात तर सगळं डोळ्यांसमोर असतं. बकरीच्या आतड्यात शेवटी पाणी जवळपास सगळं शोषलं जातं, म्हणून लेंड्या कोरड्या आणि गोल पडतात. म्हशीच्या शेणात पाणी भरपूर राहतं, म्हणून पो पडतो. आजी सडा टाकते तेव्हा त्याला हाताशी घ्या : हे शेण चारा खाणाऱ्या गाईचं, यानं अंगणातली धूळ बसते. शेणाच्या गोवऱ्या होतात, गोबरगॅसवर चहाही होतो. शेणातही जंतू असतात आणि आपल्या शीतून तर रोगाचे जंतू पसरतातच, म्हणून दोन्हीनंतर हात साबणानं धुवायचे, निदान वीस सेकंद. तेवढा वेळ एखादं बालगीत पूर्ण म्हणून होतं.

संडासाचे दोन खड्डे असतील तर दाखवा. एक भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचं. पहिला वर्ष-दीड वर्ष बंद राहिला की आतलं सगळं माती होतं, वास जातो, शेतात टाकता येतं. माझ्याकडच्या एका मुलानं हे ऐकल्यावर बापाला विचारलं, “म्हणजे माह्या शीनं कापूस येते?” बाप म्हणाला, “येते ना.” तो मुलगा पुढचा महिनाभर संडासला जायला कधी कुरकुरला नाही.

पादाचंही सांगा. तुरीची डाळ, हरभरा, वाल यांत काही साखरा अशा असतात की त्या आपल्याला पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जंतू त्या खातात आणि हवा तयार होते. त्या हवेतल्या बहुतेक भागाला वासच नसतो. वास येतो तो गंधकाच्या अगदी थोड्या वायूंचा. हिवाळ्यात शेतात घाटे भाजून खाल्ले की सगळ्या घराला हवा सुटते, यात लाजायचं काय? आणि लेकरांना हमखास आवडणारी एक गोष्ट : गाय जो मिथेन वायू सोडते तो बहुतेक मागून नाही, तोंडातून, ढेकरेतून जातो.

माझी पोरगी आहे. पोट्टे बोलले तर ठीक, पोरीनं असं बोलावं का?

नियम दोघांना एकच ठेवा. पंगतीत दोघांनीही बोलायचं नाही, सांदवाडीत दोघांनीही बोलावं.

मुलीला आपण चार वर्षांची असतानाच ‘शू’ या शब्दाची लाज लावतो. मग ती शाळेत दिवसभर लघवी धरून ठेवते, पाणी पीत नाही, जळजळ होते, ताप येतो, आणि सांगत नाही. बारा-तेराव्या वर्षी पाळी येते तेव्हाही सांगत नाही. माझ्याकडे अशा मुली आल्या आहेत ज्यांना वाटलं होतं की आपल्याला मोठा रोग झाला. लहानपणी शू-शी बोलून हसलेली मुलगी मोठेपणी आईला दुखणं सांगते, हे मी माझ्या गावात पाहिलं आहे.

तो दुसऱ्या लेकरांना त्यावरून चिडवते. तेही सोडून द्यायचं का?

नाही. इथे मी कडक आहे.

‘शी’ म्हणून हसणं वेगळं आणि ‘हा शी आहे’ म्हणून एखाद्याला हसणं वेगळं. ज्याची चड्डी ओली झाली, ज्याला संडास लागली, त्याला घेरून हसणं लगेच थांबवा. तिथे दुर्लक्ष चालत नाही. ओरडू नका, पण मध्ये जा, ज्याला चिडवलं त्याच्या बाजूला उभ्या राहा, त्याला धुवायला, बदलायला मदत करा. चिडवणाऱ्याला पाण्याचा तांब्या आणायला सांगा. त्याला कळतं.

आणि आपल्या गावांत एक गोष्ट आणखी घडते. मैला उचलण्याच्या कामावरून पडलेलं जातीचं नाव लेकरं शिवी म्हणून वापरतात. ते त्यांनी आपल्याच ओसरीवर ऐकलेलं असतं. ते ऐकू आलं की हातातलं काम टाका. सांगा की ते माणसांचं नाव आहे, घाणीचं नाही. घाण आपण सगळेच करतो आणि काही माणसांना पिढ्यान् पिढ्या ती हातानं उचलायला लावली, हा अन्याय होता. हातानं मैला उचलायला लावण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. पाच वर्षांच्या लेकराला कायदा कळणार नाही. पण ‘या शब्दावर माझी आई हसली नाही, थांबली’ हे त्याला कळतं. आणि घरातल्या मोठ्यांनाही त्याच दिवशी सांगा.

या हसण्यामागे काही दुखणं असू शकते का?

असू शकतं, म्हणून हे उत्तर सावकाश वाचा.

संडासबद्दल सतत बोलणारी काही लेकरं संडासला घाबरलेली असतात. मोठ्या माणसाच्या मापाचं भांडं, खाली काळं भोक, कोपऱ्यात पाल, दार लावलं की अंधार. आपण पडू असं त्यांना वाटतं. दार अर्धं उघडं ठेवा, बल्ब लावा, पुढे हात धरा.

शी धरून ठेवली की ती कडक होते, करताना दुखतं, दुखतं म्हणून पुन्हा धरतात. आठवड्यातून तीनदापेक्षा कमी शी, लेंड्यांसारखी कडक, रडत केलेली, ही बद्धकोष्ठाची खूण आहे. कधी चड्डीला पातळ शी लागलेली दिसते. आयांना वाटतं हगवण लागली, पण आत कडक गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूनं पातळ पाझरतं. अशा लेकराला मारू नका. त्याला ते कळतही नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, लेकरू दिवसभर उन्हात खेळतं आणि पाणी पीत नाही. पाणी वाढवा, ज्वारीची भाकर, पालेभाजी, पपई, पेरू द्या, बिस्किटं आणि पोट भरून दूध कमी करा. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं निवांत बसवा, कारण पोटात अन्न गेलं की आतडं हलतं. साबणाचा तुकडा किंवा पानाचा देठ शीच्या जागी घालायचा जुना उपाय करू नका. रक्त दिसलं, पोट फुगलं, वजन घटलं तर सरळ आरोग्य केंद्र गाठा.

रात्री शीच्या जागी खाज येत असेल, लेकरू तिथे हात लावून हसत असेल, तर जंत असू शकतात. नखं कापा. दरवर्षी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास अंगणवाडीत आणि शाळेत जंताची गोळी मिळते, १ ते १९ वर्षांच्या सगळ्यांना : दोन वर्षांच्या आतल्यांना अर्धी, पुढे पूर्ण ४०० मिलिग्रॅमची. ती चुकवू नका.

अंथरुणात शू होणं पाच वर्षांपर्यंत अगदी सामान्य आहे, पुढेही अनेकांना होतं. पण कोरडं झोपणारं लेकरू पुन्हा भिजवायला लागलं, जळजळ होत असेल, किंवा फार तहान लागून वजन उतरत असेल, तर लघवी आणि साखर तपासा. आणि विदर्भातल्या आयांनी हे नक्की लक्षात ठेवावं : सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, असलेल्या लेकराला लघवी जास्त होते, कारण त्याची किडनी पाणी धरून ठेवू शकत नाही. अशा लेकराला अंथरूण भिजवते म्हणून चिडवतात आणि संध्याकाळपासून पाणी बंद करतात. त्याच्यासाठी हे धोक्याचं आहे, पाणी कमी पडलं की अंग दुखण्याचा झटका येऊ शकतो. हातपाय सुजणं, सांधे दुखणं, डोळे पिवळे होणं यातलं काही असेल तर तपासणी करून घ्या. पाणी बंद करू नका.

कोणतं बोलणं ऐकलं की सावध व्हायचं?

शी-पादाचे विनोद नेहमीचेच. पण लेकरू मोठ्या माणसांच्या संबंधांतलं काही करून दाखवत असेल, दुसऱ्या लेकराला तसं करायला लावत असेल, एखाद्या घरी किंवा माणसाजवळ जायला अचानक घाबरत असेल, लघवीच्या जागी दुखतं म्हणत असेल, तर तो विनोद नाही. शांत बसून विचारा, “हे तुला कोणी दाखवलं?” नाव तुम्ही सुचवू नका, रडू नका, मारू नका. जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा. १०९८ या बालमदत क्रमांकावर फुकट फोन लागतो. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात लेकराचं नाव गुप्त ठेवतात आणि जबाब घरीही घेता येतो. ओळखीचा माणूस आहे म्हणून दाबू नका. हे करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो.

मोबाईलवर पादण्याच्या आवाजाचे व्हिडिओ पाहून शिकला. काय करू?

मोबाईल हातात देऊन शेतावर जाऊ नका. सोबत बसून पाहा, ठरावीक वेळ द्या. व्हिडिओ कितीही वेळा पाहिला तरी थकत नाही, आजी एकदा म्हणून गप्प बसते. फरक तेवढाच आहे.

जूनमध्ये तो पहिलीत जाईल. तिथं असा बोलला तर गुरुजी काय म्हणतील?

जेवताना आणि वर्गात नाही, हा नियम त्याला घरी कळला असेल तर तिथेही तो पाळेल. शाळा सुरू होण्याआधी मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते : त्याला सुटी मागता आली पाहिजे. दर वर्षी एक तरी लेकरू पहिल्या आठवड्यात वर्गात ओलं होतं, कारण सगळ्यांसमोर काय म्हणावं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. मे महिन्यात घरी खेळ करा. तुम्ही गुरुजी व्हा, खाटेवर बसा. त्याला हात वर करून म्हणायला लावा, “गुरुजी, मी लघवीला जाऊ?” पहिल्यांदा तो हसेल. पुन्हा म्हणायला लावा. मग एखाद्या दिवशी त्याला शाळेत घेऊन जा आणि संडास कुठे आहे, कडी कशी लागते, पाणी कुठून घ्यायचं, हे सगळं दाखवून आणा.